उडुपीची किल्ली आणि आपलं घर

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आपण दत्तभक्त लहानपणापासून ऐकत आलो. पण ही कथा सांगितली कोणी, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. भागवताच्या एकादश स्कंधात भगवान श्रीकृष्ण निजधामाला जाण्यापूर्वी उद्धवाला उपदेश करतात. त्यात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद येतो. हा अवधूत म्हणजेच श्रीदत्तात्रेय, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा. याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी थोर दत्तभक्त. म्हणजे श्रीकृष्णाच्या मुखातून दत्तप्रभूंचा बोध, असा हा योग आहे.

त्या चोवीस गुरूंत एक कुरर पक्षी आहे. कुरर म्हणजे घारीच्या जातीचा. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, तोवर दुसरे बलवान पक्षी त्याला टोचत होते. त्यानं तुकडा टाकला, आणि त्याच क्षणी तो सुखी झाला. कथा एवढीच. संन्याशाला ती सोपी आहे. पण आपण संसारी माणसं. आपण तुकडा टाकायचा म्हणजे काय करायचं? घर, देवघर, उत्सव वाऱ्यावर सोडायचा का? याचं उत्तर मला उडुपीच्या श्रीकृष्णाच्या दारी मिळालं, ते इथं मांडतो.

गेल्या माघात आम्ही सहकुटुंब उडुपीला गेलो. मी, आमच्या सौ., दोन्ही मुलगे, सुना आणि एक नातू. रत्नागिरीहून रात्री कोकण रेल्वेत बसलो ते सकाळी उडुपीला उतरलो. तिथली रीत अशी, की आधी चंद्रमौळीश्वर आणि अनंतेश्वर यांचं दर्शन घ्यावं, मग श्रीकृष्णमठात जावं. पुरुषांनी सदरा काढून आत जायचं. मूर्ती बालकृष्णाची, हातात रवी आणि दोरी. तिचं दर्शन घ्यायचं ते नऊ भोकांच्या चांदीनं मढवलेल्या खिडकीतून. सौ. तिथून हलेचनात. "यशोदेच्या घरातून नुकताच उठून आलाय हो," एवढंच म्हणाल्या.

ही मूर्ती तेराव्या शतकात श्रीमध्वाचार्यांनी स्थापन केली. पूजेसाठी त्यांनी आठ संन्यासी शिष्य नेमले. त्यांचेच पुढे अष्टमठ झाले. आधी प्रत्येकाकडे दोन-दोन महिने पूजा असे. सोळाव्या शतकात श्रीवादिराजतीर्थांनी ती मुदत दोन वर्षांची केली. या पाळीला तिथं 'पर्याय' म्हणतात. आठ मठ, दोन-दोन वर्षं, म्हणजे १६ वर्षांचं एक चक्र. दोन वर्षं सेवा झाली की त्या मठाची पाळी पुन्हा १४ वर्षांनी.

मठातल्या एका वृद्ध सेवेकऱ्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत आम्हाला सगळं समजावलं. पर्याय बदलतो तो सम वर्षाच्या जानेवारीत, संक्रांतीनंतर. मावळते स्वामी नव्या स्वामींच्या हाती तीन वस्तू देतात : अक्षयपात्र, वाढायची पळी आणि किल्ल्या. येणाऱ्या स्वामींची तयारी मात्र कितीतरी आधीपासून चालू असते. केळी लावण्याचा मुहूर्त, तांदळाचा मुहूर्त, सरपणाचा मुहूर्त, भाताचा मुहूर्त. रथाच्या आकारात रचलेली लाकडांची प्रचंड गंजी नातवानं बोट करून दाखवली. रोज हजारो पानं उठवायची, तर सरपण आधीच हवं!

भाविकहो, इथं थोडं थांबून पाहा. यातल्या तीन गोष्टी आपल्या घराला लागू आहेत. देण्याचा दिवस आधीच ठरलेला असतो, त्यामुळे रुसवेफुगवे नाहीत. घेणाऱ्याला तयारीला वेळ मिळतो. आणि देताना पात्र, पळी, किल्ली सगळं जातं. किल्ली दिली आणि पळी आपल्याच हातात ठेवली, असं तिथं होत नाही.

आमच्या घरी दत्तजयंतीचा उत्सव वडिलांपासूनचा. गुरुचरित्राचा सप्ताह, पाळणा, महाप्रसाद. चाळीस वर्षं मी तो सांभाळला. आता गुडघे साथ देत नाहीत. पुढं कोण, हा प्रश्न घरात कोणी उघड विचारत नव्हतं. थोरला गावातच असतो, त्याला वाटे आपोआप माझ्याकडे येईल. धाकटा पुण्याला.

त्या रात्री मठातला प्रसाद घेऊन खोलीवर आलो आणि धाकटा बोलला, "बाबा, माझ्याकडे फक्त पैसे मागितले जातात. सेवा कधी कोणी मागितली नाही." खोलीत कोणी काही बोलेना. मग थोरलाच म्हणाला, "दोन-दोन वर्षं करू या की. पहिली माझी, पुढची तुझी." मी लगेच हो म्हटलं. तेवढ्यात थोरली सून हसत म्हणाली, "मामंजी, किल्ली द्याल हो तुम्ही. पण आमटीत मीठ किती ते सांगायला स्वयंपाकघरात येणार नाही ना?" सौ. माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "विचारलंत तरच सांगेन."

गुरुपौर्णिमेला कोठीच्या किल्ल्या, मोठी पातेली आणि हिशेबाची वही थोरल्याच्या हाती दिली. वहीत आचारी, वाणी, भटजी सगळ्यांची माहिती लिहून ठेवली. यंदाची दत्तजयंती त्याची. मी पारायणाला बसेन आणि पंगतीत पहिल्या पानावर जेवेन.

कुररानं तुकडा टाकला, गृहस्थानं तो योग्य हाती सोपवावा. ज्यांची साठी उलटली आहे त्यांनी एवढं करून पाहावं. घरातलं एक काम निवडावं, मग ते देवपूजा असो, कुलधर्म असो की बँकेचा व्यवहार. सोपवण्याची तिथी मोठ्यानं सांगावी. वही लिहून द्यावी. दोन भावंडं असतील तर पाळी लावावी, आणि लेकीलाही त्यात धरावं. दिल्यावर मात्र हात मागं घ्यावा. नवीन हातून पहिल्या वर्षी भात थोडा करपेल. तो प्रसाद म्हणूनच खावा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥