पेट स्कॅनवर निकाल कोण देतं?

प्रश्न : आईचं पेट स्कॅन झालं. तिथले तंत्रज्ञ म्हणाले, ‘आता मशिनमध्ये एआय आहे.’ म्हणजे कॅन्सर आहे की नाही, हे कॉम्प्युटरच ठरवतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. रिपोर्ट न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टरच देतात, सहीही त्यांचीच असते. एआयचं काम त्याआधीचं.

आईला उपाशीपोटी बोलावून इंजेक्शन दिलं असेल आणि तासभर गप्प पडून राहायला सांगितलं असेल. त्या इंजेक्शनात फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली ग्लुकोजसारखी साखर असते. फ्लोरिनचा किरणोत्सार ११० मिनिटांत निम्म्यावर येतो. उगाच चालणं-बोलणं झालं तर स्नायूच ती साखर ओढून घेतात. कॅन्सरच्या बहुतेक पेशी साखरेला हपापलेल्या, म्हणून चित्रात चमकतात. पण मेंदूही चमकतो. मूत्राशय तर चमकणारच, औषध लघवीवाटे बाहेर पडतं ना!

एआय दोन कामं करतो. कमी औषधात किंवा कमी वेळात घेतलेलं दाणेदार चित्र तो स्वच्छ करतो. त्यात एखादा बारीक ठिपका पुसला जाण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर गरजेप्रमाणे मूळ चित्रही उघडतात. दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं : मोजमाप. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरात, मानेपासून जांघेपर्यंत गाठी पसरलेल्या असू शकतात. प्रत्येकीची कड हाताने आखून एकूण आकारमान काढायला गर्दीच्या ओपीडीत वेळ कुणाला? एआय ते झटपट करतो, डॉक्टर दुरुस्त करतात.

खरी मेख टीबीची आहे. टीबीची गाठही साखर खाते आणि तशीच चमकते. एआय मात्र आधीच्या स्कॅनवरून शिकतो. ऑटोपेट या एआयच्या स्पर्धेसाठी २०२२ मध्ये खुला झालेला प्रसिद्ध संच जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या रुग्णालयातला, १,०१४ स्कॅनचा. त्यातले कॅन्सरचे रुग्ण मेलानोमा, लिम्फोमा आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे. जगात टीबीचे सर्वाधिक रुग्ण मात्र आपल्याकडे. अशा संचावर शिकलेला एआय इथल्या छातीतली टीबीची गाठ कॅन्सरमध्ये जमा करू शकतो. शंका आली की शेवटी बायोप्सीच करावी लागते.

तेव्हा आईला पूर्वी टीबी झाला असेल, नुकतीच लस घेतली असेल (काखेतल्या गाठी त्यानेही चमकतात) किंवा ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आधी कधी स्कॅन झालं असेल तर त्याची सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको.