आरोग्यपाठ : सुईवर वाढणारं लेकरू



थळचा उज्ज्वला युरिया आपल्या उसाला पडतो, तेव्हा रायगडचा किनारा आपल्याला अगदीच परका नाही. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कुणाची लेक अलिबाग-मुरूडकडे दिलेली असते. अशा घरात दहा-बारा वर्षांच्या पोराला 'इन्शुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह' निघाला की सगळं घर हादरतं. आजी म्हणते, "गावाकडून गूळ-साखर येत होती ना, त्यानंच झालं!" म्हणून पाठाची सुरुवात तिथूनच करू.

आजार कशाने होतो?
साखर खाल्ल्याने हा आजार होत नाही. पोटातील स्वादुपिंड नावाच्या अवयवात इन्शुलिन तयार होते. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून तिथल्याच पेशी मारून टाकते. हा संसर्ग नाही, कुणाचा शाप नाही, आईबापाची चूकही नाही.

शेतातला दाखला घ्या. पाट भरून वाहतोय, पण दारं धरायला माणूसच नाही. मग सऱ्या कोरड्या आणि ऊस वाळतो. तसेच इथे रक्तात साखर भरपूर, पण ती पेशींत सोडणारे इन्शुलिन नाही. म्हणून पोराला सारखी तहान लागते, लघवी फार होते, भूक असूनही अंग वाळते. त्यात उलट्या, पोटदुखी, श्वासाला गोडसर वास आणि जोराची धाप दिसली तर एक तासही घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

सुई बंद करायची नाही
इन्शुलिन मिळण्यापूर्वी अशी मुले वर्ष-दोन वर्षांत दगावत. जानेवारी 1922 मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले आणि तो पुढे 13 वर्षे जगला. आज औषधे त्याहून कितीतरी सुधारली आहेत. पण झाडपाला, काढा किंवा कुणाचा अंगारा इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या कशाच्या भरवशावर सुई सोडली तर काही दिवसांत जीवावर बेतते. ताप आला, पोर जेवले नाही, तरीही सुई आपल्या मनाने बंद करू नये. साखर तपासावी आणि डॉक्टरांना मात्रा विचारावी.

बाटली आणि सिरिंज जुळवा
आपल्याकडे बाटल्या 40 आणि 100 अशा दोन ताकदींच्या मिळतात. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, 100 च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. 100 चे औषध 40 च्या सिरिंजने भरले तर मात्रा अडीचपट होते. दुकानातच दोन्हींवरचा आकडा वाचून घ्यावा. सुईची जागाही रोज बदलावी, एकाच ठिकाणी टोचल्याने गाठी होतात.

किनाऱ्यावरची साठवण
न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले इन्शुलिन वाया जाते. वापरातील बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते, वेष्टनावरची सूचना पाहावी. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी आपल्या घाटावर ओल्या वाळूत बसवलेले मडके चांगले काम देते. पण कोकणातल्या दमट हवेत पाणी कमी उडते, म्हणून मडके तितके गार होत नाही. तरीही पत्र्याखालच्या फळीपेक्षा ते बरेच. पावसाळ्यापूर्वी महिनाभराचा जादा साठा डॉक्टरांना विचारून घरात ठेवावा.

इथे आपली साखर औषध ठरते
सुई घेतली आणि जेवण लांबले किंवा धावपळ जास्त झाली, तर रक्तातील साखर 70 च्या खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, पोर चिडते, बरळते. लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावी आणि मग खायला द्यावे. पोर बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे. दप्तरात घट्ट झाकणाची साखरेची डबी हवीच, आणि ती कशासाठी आहे हे गुरुजींनाही ठाऊक हवे.

ताट तेच, माप नवे
तांदळाची भाकरी, भात, मासळीचे कालवण हे सगळे चालते. भात-भाकरीने साखर वाढते, साध्या मासळीने फारशी नाही. म्हणून वाटी ठरवून भात वाढावा आणि त्या मापाने सुईची मात्रा डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. गणपतीत मोदकही हिशेबात बसतो.

क्रिकेटपटू वसीम अक्रम यांना 1997 साली हाच आजार निघाला. सुया घेत ते 1999 ची विश्वचषक स्पर्धा खेळले. तेव्हा पोराची शाळा, खेळ थांबवू नका आणि मुलीचा आजार दडवू नका. चोरून घेतलेली सुई कधीतरी चुकते, घराला माहीत असलेली सुई वेळेवर होते. दूर असलेल्या लेकीला येत्या भेटीत एवढे जरूर सांगा.