तापातली आकडी आणि दाराबाहेरचे आईबाप

ताप चढत असता एखाद्या धडधाकट मुलाने अकस्मात डोळे फिरवावेत, त्याची दातखीळ बसावी, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागावेत आणि ओठांवर निळसर छटा यावी, हे दृश्य ज्या आईबापांनी पाहिले आहे त्यांना, आपले मूल आता हाती लागत नाही, असेच त्या वेळी वाटलेले असते. आणि पुढे डॉक्टरांनी ‘काही नाही, तापातली आकडी होती’ म्हणून हात झटकले, की त्या ‘काही नाही’चा आधार वाटण्याऐवजी त्यांना बहुधा संतापच येतो. लातूरकडील एका वाचक भगिनीच्या पत्रात असा संताप आहे, आणि तो रास्त आहे.

पत्रातील हकीकत थोडक्यात अशी: दीड वर्षाच्या मुलास मध्यरात्री आकडी आली. आजीने कांदा फोडून नाकाशी धरला, शेजारच्या एका गृहस्थांनी दातांत घालण्यासाठी चमचा मागितला, वडिलांनी १०८ क्रमांक फिरविला. रुग्णवाहिका येईपर्यंत झटके थांबून मूल गाढ झोपी गेले होते. इस्पितळात परिचारिकेने मूल उचलून आत नेले, वडिलांना ‘केसपेपर काढून आणा’ असा हुकूम झाला, आईला ‘बाहेर थांबा’. आणि ती माउली घामाने भिजलेले टोपडे मुठीत घेऊन बंद दाराकडे पाहत उभी राहिली. आत काय चालले आहे हे तिला कोणी सांगितले नाही.

ते येथे सांगतो. मुलास कुशीवर वळवून तोंडातील लाळ नळीने ओढून घेतात, गरज भासल्यास प्राणवायू लावतात, बोट टोचून रक्तातील साखर पाहतात, कारण साखर उतरल्यानेही झटके येतात. आणि झटके चालूच असतील तर मिडाझोलाम नाकात फवारून किंवा तत्सम औषध शिरेतून देऊन ते थांबवितात. यांत आईच्या दृष्टीआड ठेवण्याजोगे काही नाही. जागेची अडचण असेल तर निदान एका परिचारिकेने दारापाशी येऊन दोन वाक्ये सांगावीत, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. केसपेपरविषयी बोलायचे तर, प्राण वाचविण्याचा उपचार आधी आणि कागदपत्रे नंतर, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या प्रकरणात १९८९ सालीच घालून दिला असून तो सरकारी व खासगी अशा दोन्ही दवाखान्यांतील डॉक्टरांस बंधनकारक आहे.

आता या विकाराविषयी. सहा महिने ते पाच वर्षे या वयात, मेंदू अपरिपक्व असता, शंभरांतील दोन ते पाच मुलांस तापात अशी आकडी येते. बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, मेंदूस कोणतीही इजा करीत नाही, आणि साध्या प्रकारच्या आकडीनंतर पुढे मिरगी जडण्याचा संभव इतर मुलांपेक्षा किंचितच अधिक असतो. मात्र सुमारे एकतृतीयांश मुलांस ती पुन्हा केव्हातरी येते, सबब घरच्या मंडळींनी आपले काम आधीच ठरवून ठेवावे.

ते काम म्हणजे मुलास जमिनीवर वा अंथरुणावर कुशीवर निजविणे, गळ्याजवळचे कपडे सैल करणे, आणि घड्याळ पाहणे. घड्याळावर मी मुद्दाम भर देतो. भयाने मिनिटाचा अर्धा तास होतो आणि दवाखान्यात ‘आकडी किती वेळ होती’ या पहिल्याच प्रश्नास उत्तर मिळत नाही. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही घालू नये. चमच्याने जीभ वाचत नाही, दात मात्र तुटतात. हातपाय दाबून धरू नयेत. हुंगविण्यासाठी आणलेला कांदा आणि चपला त्यांच्या जागी राहू द्याव्यात. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, वा ओठांची निळाई ओसरेना, तर १०८ बोलवावी. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू असून ती विनामूल्य आहे व गाडीत डॉक्टर असतो. पहिलीच आकडी असेल, तर झटके थांबले तरी मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मान ताठणे, टाळू फुगणे, झोप उतरल्यावरही मूल ओळख न दाखविणे, एकाच अंगाला झटके येणे किंवा चोवीस तासांत आकडी पुन्हा येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास मेंदूज्वराची शंका धरून तातडी करावी. वर्षाआतील मुलांत मान ताठलेली नसतानाही मेंदूज्वर असू शकतो, म्हणून त्यांच्याबाबत डॉक्टर पाठीतील पाणी तपासण्यास सांगतात. त्याला आईबापांनी घाबरून नकार देऊ नये.

‘मी तापाचे औषध उशिरा दिले म्हणून हे झाले काय?’ असा या भगिनीचा प्रश्न आहे. नाही. पॅरासिटामॉलने मुलास बरे वाटते, पण त्याने आकडी टळत नाही. गार पाण्याने अंग पुसल्यानेही टळत नाही. औषधाच्या मात्रेत मात्र घोळ होतो, आणि तो मी नेहमी पाहतो. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरात १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरात १२५ किंवा २५०. दहा किलो वजनाच्या मुलास एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरेत. तेच थेंबांचे औषध पाच मिलिलिटरच्या चमच्याने पाजले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. म्हणून दवाखान्यात निघताना बाटली सोबत घ्यावी. तोंडी सांगितलेल्या ‘गुलाबी औषधा’वरून आम्हांस काहीच उमगत नाही.

आकडीसाठी रोज औषध चालू ठेवावे काय? साध्या आकडीस त्याची गरज नसते, कारण त्या औषधांचे त्रास आकडीहून भारी पडतात. गाव दवाखान्यापासून दूर असेल, किंवा मागील आकडी लांबली असेल, तर नाकात फवारण्याचे औषध घरी ठेवण्याची तजवीज आपल्या डॉक्टरांशी बोलून करता येते. ते कसे वापरावे हे आईबापांबरोबर आजीनेही शिकून घ्यावे, कारण दिवसभर मूल तिच्यापाशी असते. आणि पुढील लस? ती ठरल्या तारखेस द्यावी. लशीनंतर ताप येऊ शकतो एवढे ध्यानात ठेवून दोन दिवस लक्ष ठेवले म्हणजे झाले.