आधी डोंगर की आधी नदी?

२००४ च्या उन्हाळ्यात माझे वडील पहिल्यांदा अमेरिकेत आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी तीस वर्षे भूगोल शिकवला होता. एका रविवारी आम्ही रूट ८० ने पोकोनोकडे निघालो. न्यू जर्सीची हद्द संपते तिथे किटाटिनीची लांबलचक डोंगररांग आडवी येते आणि डेलावेअर नदी तिच्यातून आरपार जाते. दोन्ही बाजूंचे डोंगर नदीपासून सुमारे १,२०० फूट उंच. हीच 'डेलावेअर वॉटर गॅप'.

अण्णा म्हणाले, "आपली कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तिथून जवळ, पण ती सह्याद्रीकडे पाठ फिरवून पार बंगालच्या उपसागराला जाते. मग ही नदी डोंगर फोडून कशी गेली रे?"

मी ठोकून दिले, "भूकंपाने डोंगर दुभंगला असेल, नदीला वाट मिळाली."

अण्णा हसले. "डॉक्टर, न तपासताच निदान? आधी डोंगर की आधी नदी, ते सांग."

मला सांगता आले नाही. २०११ मध्ये अण्णा गेले. त्यांच्या देवघरातला शाळिग्राम मी इकडे आणला आणि त्या निमित्ताने वाचायला बसलो. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. जे समजले ते सोप्या शब्दांत सांगतो.

शाळिग्राम मिळतो नेपाळच्या काली गंडकी नदीत. त्यातले चक्र म्हणजे ॲमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या कवचाचा ठसा, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हा दगड एकेकाळी समुद्रतळाचा गाळ होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियावर आदळू लागला आणि तो तळ हळूहळू वर उचलला गेला. काली गंडकीचा उगम उंच शिखरांच्या उत्तरेला, मुस्तांगमध्ये आहे. तिथून ती दक्षिणेला येते ती धवलगिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्या मधून. तिथे तिचे पात्र मात्र जेमतेम अडीच हजार मीटर उंचीवर आहे!

याचे उत्तर असे, की नदी आधीपासून वाहत होती. डोंगर वर्षाला काही मिलिमीटर वर येत गेला आणि नदी पाण्यातल्या वाळूगोट्यांनी तेवढाच तो घासत गेली. करवत जागेवर, लाकूड सरकते आहे, ही उपमा जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७५ मध्ये दिली. अशा नदीला 'पूर्ववर्ती नदी' म्हणतात. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा याच प्रकारच्या मानल्या जातात.

मग डेलावेअरही तशीच का? नाही. किटाटिनीच्या खडकांना घड्या पडल्या त्या सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी. अटलांटिक महासागर उघडू लागला त्यानंतर दहा कोटी वर्षांनी. जो समुद्रच नव्हता, त्याला मिळणारी नदी डोंगराआधीची कशी असेल?

इथे दोन उत्तरे पुढे आली. १९३१ मध्ये डग्लस जॉन्सन म्हणाले, की डोंगर नव्या गाळाखाली गाडले गेले होते. नदी त्या गाळावरून वाहू लागली आणि खोदत खोदत खालच्या डोंगरात उतरली. १९६६ मध्ये जॅक एप्स्टाइन यांनी दाखवले, की या परिसरातल्या खिंडी जिथे खडक जास्त वाकलेला, भेगाळलेला किंवा अरुंद आहे, नेमक्या तिथेच आहेत. अशा कमकुवत जागी एखादा ओढा उगमाकडे मागे मागे खोदत जातो आणि पलीकडच्या ओढ्याचे पाणी पळवतो. याला 'नदीचौर्य' म्हणतात. नैर्ऋत्येला थोड्या अंतरावर 'विंड गॅप' नावाची कोरडी खिंड आहे. तिथला प्रवाह असाच पळवला गेला.

म्हणजे माझ्या उत्तरातल्या भेगा अगदीच खोट्या नव्हत्या. पण भेगांनी फक्त जागा दाखवली, वाट नदीनेच खोदली.

दोन रुग्णांचा ताप सारखाच असतो, कारणे वेगळी असतात. खिंडींचेही तसेच. अण्णा, काली गंडकीत आधी नदी. डेलावेअरला आधी डोंगर. उत्तर द्यायला उशीर झाला.

यंदा गणेशोत्सवानंतर पानगळीचे रंग पाहायला तिकडे जाल, तेव्हा गाडी थांबवा आणि मुलांना अण्णांचा प्रश्न विचारा. उत्तर मात्र लगेच सांगू नका.