‘इंजिनच जुनं होतं’ म्हणे!

‘त्यांचं इंजिनच जुनं होतं, त्याला आपण काय करणार?’ असं आमचे मेकॅनिकसाहेब अलिबागपासून नागावपर्यंत भेटेल त्याला सांगत फिरताहेत. जुनं होतंच. म्हणून तर मे अखेरीस बोट वर ओढल्यावर ते त्यांच्या ताब्यात दिलं आणि समोर उभं राहून सांगितलं की टाकी रिकामी करा, तिन्ही कार्बोरेटर उघडून धुवा, सुकवून ठेवा. त्यावर साहेब हसले. ‘दादा, कार्बोरेटर उघडायचे दिवस गेले आता. हे औषध पेट्रोलमध्ये ओतलं की आतला कार्बन साफ, वर पावसाळाभर पेट्रोल ताजं.’ बाटलीवर बोटीचं झकास चित्र होतं. मी म्हटलं, औषध घालायचं तर घाला, पण कार्बोरेटर उघडाच. ‘हो हो’ म्हणाले. बिलात बाटल्यांचे पैसे वेगळे आणि ‘कार्बोरेटर सर्व्हिसिंग’चे वेगळे. ते बिल माझ्याकडे आहे.

पावसाळ्यानंतर इंजिन परत आलं, सोबत भरलेली टाकी. ‘औषध घातलेलं आहे, बिनधास्त चालवा.’

भरतीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे माणसं घेऊन निघालो आणि अर्ध्यावर आवाज बदलला. ज्याने दोन स्ट्रोकचं इंजिन वर्षानुवर्षं चालवलंय त्याला एक सिलिंडर सुटला की मागे वळून बघावं लागत नाही. थ्रॉटल मागे घेईपर्यंत इंजिन करकचून बसलं. ओहोटीला लोक जिथून चपला हातात घेऊन चालत किल्ल्यावर जातात, तिथे मी नांगर टाकून दुसऱ्या बोटीच्या दोराची वाट बघत बसलो. बोटीत पुण्याचं कुटुंब, आजींची रामरक्षा सुरू. साहेबांना फोन केला तर उत्तर आलं, ‘डोस कमी पडला असेल. आणखी अर्धी बाटली ओता.’ बसलेल्या इंजिनात!

किनाऱ्यावर आल्यावर प्लग काढले. दोन प्लग तपकिरी, ओलसर, जसे असायला हवेत तसे. सगळ्यात वरचा मात्र खडूसारखा पांढरा. मग टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं आणि बरणी ओट्यावर ठेवली. थोड्या वेळात वरचा थर टू-स्ट्रोक ऑइलच्या रंगाने हिरवट दिसायला लागला आणि खाली बोटभर थर राहिला, जवळजवळ बिनरंगाचा. मी त्या बिनरंगी थराकडेच बघत राहिलो. ऑइलचा रंग सगळा वर, म्हणजे ऑइलही वरच. आणि इंजिनाला पेट्रोल ओढणारी नळी कुठे असते? तळाशी.

हे का होतं ते समजून घ्या, कारण बाटली विकणारा हे सांगत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. २०२२ पर्यंत १० टक्के मिश्रण झालं, २०३० चं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये २० टक्के गाठलं. घाटावरच्या ऊसवाल्यांचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच लिहिलेली आहे, आणि समुद्रावरच्या माणसासाठी वेगळा पंप काही निघालेला नाही. इथेनॉल पाणी धरतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच विरघळून जळून जातं, काही बिघडत नाही. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. चार स्ट्रोकचं इंजिन अशा वेळी नुसतं बंद पडेल, कारण त्याचं ऑइल वेगळं असतं. आपल्या दोन स्ट्रोकच्या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. तळाचा थर आत गेला की पिस्टन कोरडा पळतो.

आमची टाकी साहेबांच्या गळक्या शेडमध्ये, झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा ठेवून, अख्खा पावसाळा पडून होती. कोकणातला पावसाळा! त्यात कुठलं औषध काय करणार?

बरणी दाखवली तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘पंपवाल्याने पाणी घातलंय.’ मग, ‘तुम्ही मोटरसायकलचं ऑइल वापरलं असणार.’ मी टीसी-डब्ल्यू ३ चे डबे आणि त्यांच्या पावत्या समोर ठेवल्या. त्यानंतर ‘इंजिनच जुनं’ हे सुरू झालं, ते अजून चालू आहे. शेवटी दुसऱ्या गावचा मेकॅनिक आणला. कार्बोरेटरच्या बाऊलच्या स्क्रूंवर गेल्या हंगामाचं मीठ जसंच्या तसं चिकटलेलं होतं. पाना लागलाच नव्हता. वरच्या कार्बोरेटरचा मेन जेट पिवळट चिकट राळेने अर्धा बुजलेला. औषधाने सुटलेली घाणही तिथेच येऊन अडकली होती. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, त्यात तळाचं पाणी. पिस्टनवर बोट फिरवलं तर नख अडकेल असे चरे.

आता तुम्हाला सांगतो. ही औषधं सगळीच फसवी नसतात. चांगल्या क्लीनरने रिंगच्या खाचांतला आणि सिलिंडरच्या डोक्यावरचा कार्बन हळूहळू सुटतो. पेट्रोल टिकवणारं औषध राळ होणं लांबवतं, पण ते ताज्या पेट्रोलमध्ये, बाटलीवरच्या मापाने घालायचं आणि मग दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. वाळून बसलेली राळ जेटमधून निघत नाही, त्याला पाना आणि हातच लागतो. आणि थर सुटलेलं पेट्रोल पुन्हा एकजीव करणारी बाटली जगात नाही. ‘पाणी घालवणारं’ म्हणून विकतात त्यात बहुधा अल्कोहोलच असतं. २० टक्के अल्कोहोल आधीच आहे, आणखी किती ओतणार? जुन्या, कधी न उघडलेल्या इंजिनात तर जोरदार क्लीनर एकदम ओतूच नका. कार्बनचे तुकडे सुटतात. आधी उघडा, मग औषध, आणि कार्बन काढल्यावर प्लग नवे.

पेट्रोल तपासायचं असेल तर मापाच्या उभ्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि त्यावर ऑइल न घातलेलं ९० मिली पेट्रोल घ्या, हलवून ठेवा. मोकळ्या हवेत, विडी-सिगारेट दूर. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २८ मिलीच्या आसपास आला तर २० टक्के, १९ च्या आसपास आला तर १०. कॅनमधून टाकीत ओतताना हे एकदा करून बघा, पंपवाल्याशी बोलायला बरं पडतं.

टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. ऑइलचं माप पुस्तिकेप्रमाणे. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, अंदाजपंचे नाही. मिसळलेलं पेट्रोल पडून ठेवू नका. गोड्या पाण्याने इंजिन रोज धुवा, हे सांगायला मी कशाला हवा. रबरी नळ्या आणि प्रायमरचा बल्ब आतून सुटून काळे कण येतात का तेही बघा. आणि पावसाळ्याआधी मेकॅनिक कार्बोरेटर उघडतो तेव्हा शेजारी स्टूल टाकून बसा. जेट तळहातावर घेऊन उजेडात धरा, भोक आरपार दिसलं की मग पैसे द्या.

बिल पक्कंच घ्या, त्यात बाटलीचं नाव आणि केलेलं काम लिहून घ्या. ‘धंद्याच्या बोटीला ग्राहक कायदा लागत नाही’ असंही साहेबांनी मला ऐकवलं. ज्याचं पोट त्याच बोटीवर आहे आणि जो ती स्वतः चालवतो, त्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकच धरलंय, आणि जिल्हा आयोग अलिबागलाच आहे. पिस्टन, तो जेट आणि बरणीचे फोटो मी जपून ठेवलेत. तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. माझी अजून पुष्कळ शिल्लक आहे.