संगणकाच्या प्रोसेसरची पारख

शालान्त परीक्षेनंतर पुष्कळ घरांत संगणक घेण्याचा विषय निघतो. वडीलधाऱ्यांनी काटकसरीने साठविलेल्या पैशांतून ही खरेदी व्हावयाची असते. ती डोळसपणे व्हावी, एवढ्याच हेतूने आम्ही येथे काही विवेचन करीत आहोत.

मेजावरील संगणकांचे बहुतेक प्रोसेसर इंटेल व एएमडी या दोन अमेरिकन कंपन्या तयार करतात. आयबीएमने १९८१ साली आपल्या संगणकात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर बसविला; परंतु एकाच पुरवठादारावर विसंबणे तिला मान्य नव्हते. त्यामुळे १९८२ साली इंटेल व एएमडी यांच्यात करार झाला. पुढे २००३ साली एएमडीने त्याच आज्ञासंचाचा ६४ बिटांपर्यंत विस्तार केला व तो इंटेलनेही स्वीकारला. सारांश, दोहोंची भाषा एकच आहे. विंडोज किंवा लिनक्स दोहोंवर चालते.

मग निवड कशावरून करावी? पुष्कळजण गिगाहर्ट्झचा आकडा पाहतात. तो आकडा एका सेकंदातील ठोक्यांची गणती सांगतो, प्रत्येक ठोक्यास किती काम होते हे सांगत नाही. होडीत भराभर वल्ही मारणाऱ्यापेक्षा लांब वल्हे ओढणारा नावाडी पुष्कळदा आधी पैलतीर गाठतो, तसेच हे आहे. पेन्टियम ४ चा ठोका ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता. तरी २००६ साली इंटेलच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने त्यास मागे टाकले.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो तो मदरबोर्ड व त्यावरील सॉकेट. एएमडीचे एएम४ सॉकेट घेऊन २०१७ साली रायझन आले. त्या काळच्या अनेक मदरबोर्डांवर, बायॉस अद्ययावत केल्यावर, २०२० सालचे रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसरही बसू शकले. उलट २०१७ सालच्या इंटेलच्या आठव्या पिढीसाठी सॉकेटचे नाव तेच असूनही नवा मदरबोर्ड घ्यावा लागला. मात्र इंटेलचे २०२१ सालचे एलजीए १७०० हे सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत टिकले. एएमडीच्या २०२२ सालच्या एएम५ वर केवळ डीडीआर५ रॅम चालते. जुनी डीडीआर४ रॅम तेथे निरुपयोगी ठरते. म्हणजे कोणतीही एक कंपनी सदासर्वदा श्रेष्ठ, असे म्हणता येत नाही.

स्वस्तात जुना संगणक घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणतः आठवी पिढी अथवा रायझन २००० मालिका वा त्यापुढील प्रोसेसर लागतो.

म्हणून दुकानदारास तीन प्रश्न अवश्य विचारावेत :

१) प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम यांची एकत्रित किंमत किती?

२) पुढे याच मदरबोर्डावर याहून वेगवान प्रोसेसर बसेल काय?

३) रॅम वाढविण्यास जागा आहे काय?

निबंधलेखन, अभ्यास व प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक शिक्षण यांस मध्यम प्रतीचा प्रोसेसर पुरतो. उरलेली रक्कम रॅम व एसएसडी यांवर खर्चिली, तर तिचे चीज होते. आधी आपले काम ठरवावे व मगच प्रोसेसर निवडावा, हेच या विवेचनाचे तात्पर्य होय.