संगणकाच्या दुनियेत वर पोचलेली आपली बाई कोण?

प्रश्न : माझी मुलगी अंबाजोगाईला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात मुली भरपूर आहेत म्हणते. पण पेपरात मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांचे फोटो येतात, ते बहुतेक पुरुषांचेच. या क्षेत्रात अगदी वर गेलेली एखादी मराठी बाई आहे का? आणि अशा बायकांच्या गोष्टी सांगून मुलींना खरंच फायदा होतो, की तेवढ्यापुरतं बरं वाटतं?
— एक आई, केज (जि. बीड)

उत्तर : आहे. नेहा नारखेडे. पुण्यात वाढल्या, तिथल्याच ‘पीआयसीटी’ कॉलेजातून इंजिनीअर झाल्या आणि पुढे अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये शिकल्या. लिंक्डइनमध्ये नोकरी करताना जे क्रेप्स आणि जुन राव या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘काफ्का’ ही प्रणाली घडवली. २०११ मध्ये ती सगळ्यांना वापरायला खुली झाली. २०१४ मध्ये तिघांनी मिळून ‘कॉन्फ्लुएंट’ ही कंपनी काढली. २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली.

काफ्का काय करते, हे तुमच्याकडच्या माणसाला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून चटकन कळेल. उसाची गाडी काट्यावर आली की वहीत नोंद होते, पुढची गाडी आली की तिची नोंद त्याखाली. आधीचं कुणी खोडत नाही. मग हिशेबनीस, शेतकरी आणि टोळीचा मुकादम आपापल्या सवडीनं तीच वही वाचतात, कुणी कुणासाठी खोळंबत नाही. काफ्का हेच काम सेकंदाला लाखो नोंदींच्या वेगानं करते. जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्या ती वापरतात. नारखेडे नुसत्या संस्थापक नव्हत्या, कंपनीच्या तंत्रप्रमुखही होत्या, हे मुलीला आवर्जून सांगा. बायका कंपनीत वर गेल्या तरी त्यांच्याकडे बऱ्याचदा मनुष्यबळ नाहीतर जाहिरात विभाग येतो. यंत्र कसं बनवायचं हे ठरवणारी खुर्ची त्यांच्या वाट्याला फार कमी वेळा येते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच मोठा. लहानपणी आपण घरी इंदिरा गांधी, किरण बेदी, इंद्रा नूयी यांच्याबद्दल ऐकत आलो, असं नारखेडे यांनीच मुलाखतींत सांगितलंय. या तिघींपैकी एकही प्रोग्रॅमर नव्हती! तरी उपयोग झाला.

पण एका व्यक्तीच्या आठवणीवर विसंबायला नको. पश्चिम बंगालमध्ये काही ग्रामपंचायतींचं प्रधानपद बायकांसाठी राखीव होतं. तिथं एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २०१२ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत छापून आली. मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दल आईबापांच्या अपेक्षांत जी तफावत होती, ती अशा गावांत २५ टक्क्यांनी घटली. शिक्षणातलं अंतर पुसलं गेलं आणि मुलींच्या वाट्याचं घरकामही कमी झालं. मात्र हा फरक दिसला तो दोन निवडणुकांत पद राखीव राहिलेल्या गावांत. बाई एकदा खुर्चीत बसून भागत नाही, ती तिथं बसलेली वर्षानुवर्षं दिसावी लागते.

बीडमध्ये मुलींना अशा बायका दिसत राहणं जास्तच निकडीचं आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या वयोगटात इथं हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्यांतल्या मोठ्या मुली आता कॉलेजच्या वयाच्या झाल्यात. तुमची लेक त्यांच्याच बरोबरीची.

शाळेत कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही म्हणून मुलगी मागे पडेल, अशी भीती वाटत असेल तर ती मनातून काढून टाका. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम ७ टक्के होत्या. आधीपासून प्रोग्रॅमिंग येण्याला प्रवेशात दिलेलं महत्त्व विद्यापीठानं कमी केलं, नवख्या मुलांसाठी शिकवण्याची घडी बदलली. २००० मध्ये मुली ४२ टक्के झाल्या. मुलींची बुद्धी पाच वर्षांत बदलली नव्हती, दार बदललं होतं.

आपल्याकडेही एक दार उघडलंय, २०२४-२५ पासून फीचा भार हलका झालाय. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण खरी गळती नोकरी लागल्यावर होते. पहिल्या मोठ्या बढतीची वर्षं आणि लग्न-बाळंतपणाची वर्षं एकच असतात. त्या काळात सासरी आणि ऑफिसात कोण पाठीशी उभं राहतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून नारखेडे यांच्याबद्दल जरूर सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या लेकीच्याच कॉलेजातून पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या, आज पुण्यात नाहीतर संभाजीनगरात काम करणाऱ्या मुलींची नावं शिक्षकांकडून मिळवायला तिला सांगा. पहिली नोकरी कशी लागली, लेकरू झाल्यावर काम कसं चालू ठेवलं, बढतीसाठी तुझं नाव कुणी पुढे केलं, हे त्यांना विचारायला सांगा. त्यांतली एखादी यायला तयार झाली, तर कॉलेजनं तिला शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमाला बोलावू नये. लॅबमध्ये बोलवावं, आपलं रोजचं काम मुलींना स्क्रीनवर दाखवू द्यावं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावं.